झाडीपट्टीच्या पोस्टरांची एआय नक्कल : ग्लेझ, नाइटशेडचा खरंच उपयोग होतो का?

रंगपेटी_वडसा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी देसाईगंज-वडसा भागातली. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं आणि बॅनर करते, सगळं काम टॅबलेटवर. ज्यांना इकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवाळी झाली की होळीच्या आसपासपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. गावात मंडई (म्हणजे जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलंच. कंपन्यांची ऑफिसं वडशात आहेत. गावचं मंडळ तिथे येतं, बोर्डांवरची पोस्टरं बघत फिरतं आणि तारीख पक्की करतं. नाटक त्यांनी बरेचदा पाहिलेलं नसतं, त्यामुळे पोस्टरचं वजन इकडे जरा जास्तच.

माझी एक धाटणी लोकांच्या ओळखीची झाली आहे. नायिकेचा चेहरा मोठा, त्यावर हनुवटीखालून येणारा पिवळा उजेड, मागे जांभळं आभाळ, खलनायक निम्मा काळोखात, नाटकाचं नाव तिरप्या, हाताने काढलेल्या अक्षरांत. यंदा सीझनच्या तोंडावर एका ऑफिससमोर पोस्टर लागलं, लांबून वाटलं आपलंच. जवळ गेले तर चेहरे वेगळे, नाटक वेगळं. पण माझ्या गेल्या सीझनच्या पोस्टरमध्ये खलनायकाच्या फेट्याचा शेमला खांद्यावरून वळून नायिकेच्या केसांत मिसळला होता, तो तसाच्या तसा. वर नाव साध्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, आणि त्याच्या कडांनी खालून एआयची अक्षरं डोकावत होती. देवनागरीसारखी दिसणारी, पण वाचायला गेलं तर एकही अक्षर धड नाही. छापणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरनं बनवलं, आमी काय केलं?"

चित्रं एआयच्या नकलेपासून वाचवायला ग्लेझ आणि नाइटशेड नावाचे प्रोग्राम आहेत असं वाचलंय. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही. यांचा खरंच उपयोग होतो का? कायद्याने काही करता येतं का? की फेसबुकवर टाकणंच बंद करू? ते बंद केलं तर कामं कुठून येणार हाही प्रश्न आहेच.

कोडफोड

ताई, आधी एक ठरवा. तुमच्याकडे नक्की कोणती चोरी झाली? कारण दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्हींना एकच समजतात.

पहिला प्रकार : कोणीतरी तुमची पंधरा-वीस चित्रं गोळा करतो, स्टेबल डिफ्यूजनसारख्या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला त्यांवर वेगळं शिकवतो (याला लोरा म्हणतात) आणि मग मॉडेल तुमच्या हाताने काढल्यासारखी हवी तेवढी नवी चित्रं देतं. यात तुमचं एकही चित्र जसंच्या तसं नसतं. पोलंडच्या ग्रेग रुत्कोव्स्की या चित्रकाराचं तर लोक नुसतं नाव टाइप करायचे आणि त्याच्या धाटणीची ड्रॅगन-किल्ल्यांची चित्रं धोधो निघायची. तिथे वेगळं शिकवायचीही गरज पडली नाही, मूळ मॉडेलनेच इंटरनेटवरची चित्रं खाल्ली होती. ज्या लायन-५बी संचावरून ही मॉडेलं शिकली, त्यात ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या आहेत. कोणालाही न विचारता गोळा केलेल्या.

दुसरा प्रकार : तुमचं एकच पोस्टर मोबाइलवरून चॅटबॉटमध्ये टाकलं आणि लिहिलं, "असंच बनव, चेहरे बदल, नाव बदल." शेमला तसाच राहिला म्हणताय, म्हणजे तुमच्याकडे हा दुसरा प्रकार झालाय.

ग्लेझ आहे पहिल्यासाठी.

बोंडअळी

म्हंजे तुडतुड्याची फवारणी बोंडअळीवर मारून रायली ताई. माह्या नावाचा उल्लेख झाल्याशिवाय धागा पुढं जात नाई पाहा 😀

कोडफोड भाऊ, ग्लेझ म्हंजे नेमकं काय ते आमच्यासारख्याले समजन असं सांगा ना. वॉटरमार्क हाये का तो?

कोडफोड

वॉटरमार्क नाही. वॉटरमार्क माणसाला दिसावा म्हणून असतो आणि एआय तो दोन सेकंदांत पुसतं.

शिकागो विद्यापीठात बेन झाओ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्लेझ बनवलं, मार्च २०२३ मध्ये सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध केलं. मॉडेल चित्राकडे आपल्यासारखं पाहत नाही, पिक्सेलांमधून काही आकडे काढून त्यांच्यावरून "ही धाटणी अशी" असं ठरवतं. ग्लेझ पिक्सेलांत असे बारीक बदल करतं की आपल्या डोळ्याला चित्र जवळपास तेच दिसतं, पण मॉडेलला धाटणी भलतीच दिसते. कोळशाने काढलेलं व्यक्तिचित्र त्याला ठिपक्या-फराट्यांच्या अमूर्त चित्रासारखं वाटतं. मग त्यावर शिकलेलं मॉडेल तुमची नक्कल म्हणून भलतंच काहीतरी काढतं.

नाइटशेड त्याच लोकांचं, जानेवारी २०२४ चं. ग्लेझ स्वतःला झाकतं, नाइटशेड उलटा वार करतं. त्यांचंच उदाहरण : हिरव्या कुरणातली गाय माणसाला गायच दिसते, मॉडेलला मात्र गवतात पडलेली मोठी चामडी पर्स दिसते. अशी पुरेशी चित्रं शिकताना पोटात गेली की मॉडेल गाय मागितल्यावर पर्सा द्यायला लागतं. पण त्यासाठी खूप जणांनी वापरायला हवं. एकट्या वडशाच्या ताईंनी वापरून मोठ्या कंपनीच्या मॉडेलला ठसकाही लागणार नाही.

आणि एकाच पोस्टरवरून "असंच बनव" म्हटलं की मांडणी, रंग, शेमला हे सगळं समोरच्या चित्रातूनच उचललं जातं. तिथे धाटणीबद्दल फसवून फारसं हाती लागत नाही.

निळी_शाई

मी वणीकडची. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, ग्लेझ नियमित वापरते. अनुभव सांगते.

ग्राफिक कार्ड नसेल तर लॅपटॉपवर चालवायच्या भानगडीत पडू नका. मशीन तापतं, चित्र अर्ध्यात असताना लाइन गेली की पहिल्यापासून. त्यांचंच वेबग्लेझ आहे, चित्र चढवायचं, काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, निकाल ईमेलने येतो. फुकट आहे, पण आधी प्रवेश मागावा लागतो. तुम्ही खरेच चित्रकार आहात आणि एआयने चित्रं करत नाही हे ते पाहतात. मोबाइलवर आयबिस पेंट वापरणाऱ्यांसाठी त्या अॅपमध्येच "एआय डिस्टर्बन्स" नावाची सोय आहे. ग्लेझइतकी तगडी आहे असं मी म्हणणार नाही, पण गावाकडची निम्मी पोरं आयबिसवरच काढतात म्हणून सांगितलं.

आता तोटा. सपाट रंगावर ग्लेझ दिसतं. माझ्या एका पानावर मोठं रिकामं पिवळं आभाळ होतं, ग्लेझ केल्यावर त्यावर तेलकट बोटं फिरवल्यासारखी नक्षी उठली. जिथे ब्रशचे फटकारे, पोत, गवत, केस आहेत तिथे काहीच कळत नाही. त्यामुळे आता सपाट आभाळावर मी मुद्दाम थोडा दाणेदार पोत देते. तुमचं जांभळं आभाळ सपाट असेल तर हा त्रास होणार. मात्र फ्लेक्सवर छापलं आणि लोक रस्त्याच्या पलीकडून पाहणार असतील तर ती नक्षी कोणाला दिसायची नाही. कमी-जास्त तीव्रता निवडता येते, फ्लेक्सच्या फाइलला बिनधास्त जास्त ठेवा.

नाइटशेड आणि ग्लेझ दोन्ही करायचं असेल तर आधी नाइटशेड, मग ग्लेझ.

फ्लेक्सवाला_साकोली

बरं झालं धागा काढला, आता आमची बाजू पण ऐका.

माह्याकडं फ्लेक्सची मशीन हाये. गिऱ्हाईक येते सकाळी अकराले, बारा वाजता त्याले बॅनर पायजे. वाढदिवस, तेरवी, नेत्याचं स्वागत. मोबाइलमधे फोटो दाखवते, "असंच पायजे". आता मी चित्रकार कुठून आणू? एआयमधे टाकतो, दोन मिनटात काम. मी नाई केलं तं शेजारचा करते. आन् खरं सांगू का, एआय याच्या आधी काय आमी सगळं सोता काढत होतो? पीएसडीच्या (फोटोशॉपच्या फाइलींच्या) डीव्हीड्या यायच्या, मंग पेनड्राइव्हवर फाइली फिरायच्या, कोणाची कोणती ते कोणाले माहीत नसायचं. तवा कोणी धागे काढले नाई.

निळी_शाई

तेव्हाही चोरीच होती, भाऊ. तेव्हा तुम्ही फार तर तीच फाइल परत वापरायचात. आता या ताईंकडून शिकून त्यांच्याच बाजारात त्यांच्यापेक्षा स्वस्तात विकताय.

फ्लेक्सवाला_साकोली

मी विकत नाई ना ताई, मी तं छापतो. पण मुद्दा घेतला.

संशयात्मा

एवढं सगळं करून उपयोग काय? २०२५ मध्ये केंब्रिज, डार्मस्टाट आणि सॅन अँटोनिओच्या संशोधकांनी लाइटशेड म्हणून काढलंच की. चित्रावर नाइटशेड किंवा ग्लेझ आहे का ते ओळखतं आणि धुऊनही टाकतं. त्याआधी झुरिकच्या लोकांनी दाखवलं होतं की चित्र नुसतं मोठं करून परत साफ केलं तरी ग्लेझचा जोर बराच कमी होतो. आज लावलेलं कुलूप उद्या उघडणार, आणि एकदा वर टाकलेलं चित्र मागे घेता येत नाही.

कोडफोड

खरं आहे, नाकारत नाही. ग्लेझवाले स्वतःच पहिल्या दिवसापासून सांगतात की हा कायमचा इलाज नाही. पण लाइटशेड चालवायला माणूस हवा, वेळ हवा. ताईंची वीस पोस्टरं उचलून लोरा बनवणारा कोणी टपोरी असेल तर त्याला पहिल्याच फटक्यात घाण चित्रं मिळतील आणि तो दुसऱ्याकडे वळेल. मोठी कंपनी ठरवून मागे लागली तर ग्लेझ पुरणार नाही हे धरूनच चाला.

काळा_कोट

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कोडफोड यांनी जे दोन प्रकार सांगितले तेच कायद्यातही फार महत्त्वाचे आहेत, आणि गंमत म्हणजे तिथे हिशोब बरोबर उलटा लागतो.

धाटणीवर कॉपीराइट नाही. पिवळा उजेड, जांभळं आभाळ, तिरपी अक्षरं, ही कल्पना झाली, ती कोणीही वापरू शकतो. कॉपीराइट असतो प्रत्यक्ष चित्रावर. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि तुमच्या कामाचा योगायोग असा की ते प्रकरणही नाटकाचंच होतं, नाटकावरून सिनेमा चोरल्याचा आरोप होता. नाटककार हरला. पण त्यात दिलेली कसोटी आजही चालते : दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य माणसाचं ठाम मत "ही त्याचीच नक्कल" असं होतं का?

म्हणजे तुमच्या धाटणीचं लोरा कोणी बनवून नवी चित्रं काढली तर भारतीय कायद्यात तुम्हाला पकडायला जागा फार थोडी. तिथे ग्लेझच काय ते काम करेल. आणि एकच पोस्टर एआयमध्ये टाकून चेहरे बदलले, जिथे ग्लेझ लुळं पडतं, तिथे कायदा तुमच्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कृतीची मांडणी बदलून किंवा फेरफार करून वापरणं हे रूपांतर आहे आणि रूपांतराचा हक्क कॉपीराइटधारकाचाच. "कॉम्प्युटरनं बनवलं" हे उत्तर चालत नाही. टाकलं कोणी, छापलं कोणी, पैसे कोणी घेतले हे पाहिलं जातं.

नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलं त्या क्षणी हक्क येतो. आणि कलम ६२ मुळे दावा तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. चोर मुंबईचा असला तरी तारखा गडचिरोलीत.

पण एक मोठा पण आहे. ते पोस्टर तुम्ही कंपनीसाठी पैसे घेऊन केलं होतं ना? काही लेखी ठरलं होतं का?

रंगपेटी_वडसा

लेखी कसलं सर. फोनवर "ताई, पोस्टर पायजे", मी करते, मॅनेजर पैसे पाठवतात, उरलेले सीझन संपल्यावर. इकडे सगळं असंच चालतं.

काळा_कोट

मग कलम १७ वाचून घ्या. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा ठरतो. डिजिटल पोस्टर हे पेंटिंग की आणखी काही, यावर कोर्टात वाद घालता येईल आणि मी तुमच्या बाजूने आनंदाने घालीन. पण कशाला घालायचा? आधीच दोन ओळी लिहून घेतल्या तर वादाला जागाच राहत नाही.

समजा हक्क कंपनीकडे गेला, तरी कलम ५७ उरतं. हे काम माझं आहे हे सांगण्याचा आणि माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो, कॉपीराइट विकला तरी.

मास्तर_आमगाव

थोडं विषयांतर. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आज कोणीही एआयला "वारली" म्हणून सांगतो आणि लग्नपत्रिका छापून मोकळा होतो. "वारली" हे नाव लावून माल विकण्यावर बंधन येऊ शकतं, पण ते गोल-त्रिकोण काढण्यावर कोण बंदी घालणार? सामूहिक धाटणीचं हे, तर एकट्याच्या धाटणीचं काय सांगावं.

आणि ताई, राग मानू नका, पण तो हनुवटीखालचा उजेड तुमचाही नाही. आमच्या लहानपणी पेंटर लोक कापडावर रंगवायचे त्यात तो होता. रंगमंचाच्या पुढच्या दिव्यांचाच उजेड तो.

रंगपेटी_वडसा

राग कशाला मास्तर, बरोबर आहे. मी एका पेंटरकाकांकडे ब्रश धुवायला होते, त्यांच्याकडूनच उचललं. पण त्यांना ते माहीत होतं, त्यांनीच हात धरून शिकवलं, आणि त्यांची कामं मी कमी पैशात पळवली नाहीत. ते थकल्यावर त्यांनीच गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवली. मशीनकडून एवढी तरी अपेक्षा ठेवता येईल का?

कोडफोड

दिल्लीत केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी (उद्योग आणि अंतर्गत व्यापार) खात्याने डिसेंबर २०२५ मध्ये याच विषयावर एक मसुदा मांडलाय. एआय कंपन्यांना शिकण्यासाठी सगळ्यांचं साहित्य वापरायचा सरसकट परवाना, आणि बदल्यात रॉयल्टी. म्हणजे पैसे मिळण्याची शक्यता आहे, पण "माझं चित्र घेऊ नका" म्हणायची सोय त्यात नाही. वडशाच्या पोस्टरवालीपर्यंत त्यातले किती रुपये झिरपतील ते तुम्हीच ठरवा.

बोंडअळी

कापसाचा हमीभाव जेवढा झिरपते तेवढा 😀

फ्लेक्सवाला_साकोली

ताई, एक कामाची गोष्ट सांगतो, छापणाऱ्याच्या नजरेतून. तुमची चोरी फेसबुकवरून कमी होते, आमच्या कॉम्प्युटरवरून जास्त. तुम्ही छापायले मोठी फाइल पाठवता, ते आमच्या डी ड्राइव्हमधे पडून रायते. पुढच्या सीझनले कारागीर बदलते, नवीन पोरगा ते फोल्डर उघडते, एआयमधे टाकते. फेसबुकवर तं छोटं चित्र असते, त्याच्यातून फ्लेक्सलायक काही निघत नाई सहसा. (आता एआयनं मोठं पण करता येते म्हना.)

तं मोठी फाइल सपाट करून द्या, लेअरवाली पीएसडी कोणालेच देऊ नका, कितीबी गोड बोलला तरी. नाव कोपऱ्यात नका टाकू, कोपरा आमी कापतो. नायिकेच्या साडीच्या काठात टाका.

निळी_शाई

साडीच्या काठात नाव, हे भारी आहे.

लेअरच्या फाइलीवरून आठवलं, त्या जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डर आहे, आयबिसमध्येही चित्र काढतानाचा व्हिडिओ आपोआप बनतो. चोराकडे फक्त शेवटचं चित्र असतं.

काळा_कोट

अगदी बरोबर. कोर्टात कच्चं रेखाटन आणि तारखा असलेल्या फाइली फार कामाला येतात.

रंगपेटी_वडसा

सगळ्यांचे आभार. जे समजलं त्यावरून असं ठरवलंय : फेसबुकवरची नवी चित्रं वेबग्लेझमधून जातील (आज प्रवेश मागितलाय). छापायच्या फाइली सपाट, ग्लेझ तीव्र, नाव काठात. आणि मॅनेजर लोकांना काम घेतानाच व्हॉट्सअॅपवर हे पाठवायचं म्हणते, कोट सर जरा बघा :

"नमस्कार भाऊ. पोस्टर या सीझनमध्ये याच नाटकासाठी वापरायचं. चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. दुसऱ्या नाटकासाठी, एआयमध्ये टाकून किंवा फेरफार करून वापरायचं झाल्यास आधी मला विचारावं. मंजूर असेल तर 'मंजूर' असं लिहून पाठवावं, मग काम सुरू करते."

काळा_कोट

चांगलं आहे. दोन सुधारणा. "आधी मला विचारावं" काढा, "माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाही" करा. नाहीतर उद्या मॅनेजर म्हणेल, विचारलं होतं, फोनवर हो म्हणाल्या. आणि छापणाऱ्यालाही हीच अट लागू आहे, त्याच्याकडून काम झाल्यावर फाइल पुसून घेण्याची जबाबदारी कंपनीची, हे एक वाक्य जोडा. "मंजूर" आलं की त्याचा स्क्रीनशॉट, शिवाय चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर स्वतःलाच पाठवा, मोबाइल बदलला की चॅट जातात.

झालेल्या प्रकरणात त्या पोस्टरचा सरळ समोरून फोटो, बोर्डासकट एक फोटो, आणि तुमचं मूळ चित्र यांचा संच करून मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आधी नोटीस देऊन पाहू. बहुतेक वेळा छापणारा नोटिशीतच पोस्टर उतरवतो.

फ्लेक्सवाला_साकोली

फाइल पुसायचं लिहिलं ते बरं केलं. पण रीसायकल बिनमधूनबी पुसा म्हनावं, आमची पोरं तिथूनच काढतात.